अवतरणात अडकलेली नावं

आमच्या आडनावांना एकच एक ठरलेलं रूप कधी मिळालंच नाही. मुलाणी, मुलानी, मुल्लाणी. आतार, अत्तार, आत्तार. मणेर, मनेर, मणियार. शिकलगार आणि शिकलकर. दोन सख्ख्या भावांच्या शाळेच्या दाखल्यांवर दोन रूपं असतात, आणि दोन्ही सही-शिक्क्याची. नावाची मांडणीही पक्की नाही. शेख कुठे नावाआधी येतं, कुठे शेवटी. मोहम्मदचं महंमद होतं, महमद होतं, आणि रकान्यात जागा कमी पडली की नुसतं 'मो.' होतं. अब्दुल करीम एका कागदावर दोन शब्द, दुसऱ्यावर एक. नाव आलं अरबीतून, घरात हाक मारली दखनीत, नोंदलं मराठी कारकुनाने, संगणकात गेलं इंग्रजीत, आणि तिथून यंत्राने ते पुन्हा देवनागरीत आणलं. इतक्या गाड्या बदलल्यावर सामानातलं काहीतरी फलाटावर राहणारच.

गाडी बदलणं म्हणजे काय, हे कुर्डुवाडीकराला समजावून सांगायला नको. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी सुरू झाली. मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फुटी. दोन्ही लोखंडाचेच, दोन्हींवर वाफेचंच इंजिन, पण एका मापाचा डबा दुसऱ्यावर चढत नाही. म्हणून पंढरपूरला जाणारा वारकरी इथे उतरायचा आणि बार्शीकडचा माल इथे एका गाडीतून दुसरीत चढायचा. आता नॅरोगेज गेली. गावाचं नाव मात्र अजून दोन मापांत चालतं: कोणी 'डु' ऱ्हस्व लिहितं, कोणी दीर्घ. इंग्रजीत रेल्वे 'व्ही' वापरते, बाकीचे 'डब्ल्यू'. म्हणजे हा त्रास फक्त आमच्या आडनावांचाच आहे असं नाही. गावाच्या नावाला त्याची झळ लागत नाही, इतकंच. गाव कोणी यादीतून वगळत नाही.

ही सगळी प्रस्तावना एका छोट्या स्क्रिप्टसाठी आहे. विषय तसा रुक्ष आहे. बॅश नावाच्या शेलमध्ये 'जर अमुक मजकूर या नमुन्याशी जुळला तर' असं लिहिलं, आणि डोळ्यांना दिसतंय की जुळायला हवं, तरी जुळत नाही; तेव्हा काय तपासायचं? पोटापाण्यासाठी मी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. एरवी त्याने बिघडतं ते एवढंच, की एखादी लॉगची फाइल चुकीच्या ठिकाणी जाते. या वेळी त्या 'जर'च्या पलीकडे माणसं उभी होती.

नगरपरिषदेच्या निवडणुकीआधी प्रभागवार प्रारूप मतदार यादी लागते. हरकती द्यायला मोजके दिवस मिळतात. आमच्या मोहल्ल्यातल्या पाच-सहा पोरांनी ठरवलं, की जमातीच्या वहीतली नावं आणि यादीतली नावं ताडून बघायची. काम खिदमतीचं होतं आणि नेटकंही होतं. छापील यादी त्यांनी वाटून घेऊन टाइप केली. वहीतल्या प्रत्येक माणसासाठी एक नमुना तयार केला. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारलं, "खाला, कागदावर कसं लिवलंय?" ज्यांची दोन-तीन रूपं निघाली, त्यांची सगळी रूपं एका नमुन्यात बसवली. उदाहरणार्थ:

^मु(लाणी|लानी|ल्लाणी)

याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. अर्थ साधा आहे. टोपीचं चिन्ह म्हणजे 'सुरुवातीपासून', कंसातली उभी रेघ म्हणजे 'हे किंवा ते'. एका ओळीत तिन्ही मुलाणी आले. ज्याच्या मनात हे पहिल्यांदा आलं तो पॉलिटेक्निकचा पोरगा आहे, आणि मला त्याचं कौतुक वाटतं. आपल्या नावांचा गोंधळ हा गोंधळ नसून ठरावीक रूपांची एक छोटी यादी आहे, हे त्याने ओळखलं होतं.

स्क्रिप्ट चालली. दोन फाइली निघाल्या: 'सापडलेली' आणि 'न सापडलेली'. दुसरीत जवळजवळ निम्मी वही. संध्याकाळपर्यंत ही बातमी मोहल्ल्यात पोचली, आणि पोचताना तिचं 'नावं सापडली नाहीत'चं 'नावं कापली' झालं. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा मजकूरही कुणीतरी लिहून ठेवला होता. जुम्म्याच्या नमाजनंतर घोषणा करायची, असंही ठरत आलं होतं. त्या पोराने मला फोन केला. "चाचा, आधी नामे देखो तो, फिर भेजतंय."

कापली असतील, हे मला अशक्य वाटलं नाही. यादीतून नावं जातात, जिवंत माणसांची जातात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणूनच कुणाला शंका आली नाही. ज्या बातमीची आपण आधीपासून वाट बघत असतो, ती खरी आहे का हे कोण तपासतं?

मी त्याला म्हटलं, सापडलेल्यांतली दहा नावं वाच, त्यांच्या नमुन्यासकट. मग न सापडलेल्यांतली दहा वाच. सापडलेल्यांत पठाण होते, बागवान होते, इनामदार होते; ज्यांचं एकच रूप आहे असे. न सापडलेल्यांत मुलाणी, आतार, मणेर, अब्दुल करीम. म्हणजे ज्या नमुन्यात कंस होता, उभी रेघ होती, प्रश्नचिन्ह होतं, तो प्रत्येक नमुना फसला होता. जिथे पोरांनी काहीच डोकं लावलं नव्हतं, तिथे सगळं बरोबर. जितकी काळजी जास्त, तितकं नाव जायची खात्री जास्त. यादीतून नावं कापणाऱ्या कुणालाही कंसाचा इतका राग असण्याचं कारण नाही.

मग मी ती एक ओळ वाचून दाखवायला सांगितली. ती अशी होती:

[[ $1 =~ "$2" ]]

ती अशी हवी होती:

[[ $1 =~ $2 ]]

इथे डावीकडे यादीतला मजकूर आहे, उजवीकडे नमुना, आणि मधलं चिन्ह म्हणजे 'याच्याशी जुळतो का'. फरक दोन अवतरणचिन्हांचा. बॅशमध्ये या चिन्हाच्या उजवीकडे जे काही अवतरणात येतं, ते नमुना राहत नाही; ती नुसती अक्षरं होतात. मग कंस म्हणजे कंस, टोपी म्हणजे टोपी. बॅश यादीत असा माणूस शोधत बसतं ज्याच्या नावात खरोखरचा कंस, खरोखरची उभी रेघ आणि सुरुवातीला खरोखरची टोपी आहे. असा माणूस आमच्या मोहल्ल्यात नाही. आणि 'पठाण'मध्ये कुठलंच खास चिन्ह नसल्यामुळे तो अवतरणात असो वा नसो, सापडतोच. म्हणून अर्धी यादी बरोबर आली, आणि अर्धी बरोबर आल्यामुळे उरलेल्या अर्धीवर विश्वास बसला. सगळीच चुकली असती तर पोराने पाच मिनिटांत पकडलं असतं.

अवतरण आलं कुठून, तेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीला त्याने नमुना थेट ओळीतच लिहून पाहिला होता, अब्दुल करीमचा:

[[ $1 =~ ^अब्दुल ?करीम ]]

'मधली जागा असो वा नसो' असं त्याला म्हणायचं होतं. पण शेलच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे शब्द संपला. तिथे शेलने व्याकरणाची चूक दाखवून काम थांबवलं. त्याने अवतरण घातलं, आणि चूक गेली! लाल अक्षरं गेली की माणूस पुढे जातो. शिवाय शेल शिकवताना पहिला धडा असतो की व्हेरिएबल नेहमी अवतरणात ठेवा. तो धडा बहुतेक ठिकाणी योग्यच आहे. या जागी तो उलटा पडतो. त्या ओळीला हवं होतं ते एवढंच, की फक्त मोकळी जागा झाकायची आणि बाकी नमुना उघडा ठेवायचा. एक तर तिच्याआधी बॅकस्लॅश द्यायचा:

[[ $1 =~ ^अब्दुल\ ?करीम ]]

किंवा फक्त तेवढीच अवतरणात घ्यायची:

[[ $1 =~ ^अब्दुल" "?करीम ]]

माझी स्वतःची पसंती तिसऱ्या रीतीला आहे. नमुना आधी व्हेरिएबलमध्ये ठेवावा, तिथे खुशाल अवतरणात लिहावा, आणि तुलनेच्या ओळीत ते व्हेरिएबल उघडं वापरावं. दुहेरी चौकटी कंसात शेल शब्दांची फोड करत नाही, त्यामुळे आतल्या मोकळ्या जागेने काही बिघडत नाही.

इंटरनेटवर याची उलटसुलट उत्तरं सापडतात, त्यालाही कारण आहे. नमुन्याची ही कल्पना जुनी आहे; स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने ती १९५० च्या दशकात मांडली, केन थॉम्पसनने १९६८ मध्ये ती संगणकावर शोधासाठी कशी वापरायची ते दाखवलं. बॅश आलं १९८९ मध्ये, आणि त्यात हे जुळणीचं चिन्ह आलं २००४ च्या ३.० आवृत्तीत. तेव्हा अवतरणातला नमुनाही नमुनाच मानला जाई. २००६ च्या ३.२ आवृत्तीत नियम बदलला. मधल्या दोन वर्षांत लिहिलेले धडे अजून फिरतायत, आणि त्यांतली उदाहरणं आज चालवली तर काही न बोलता चुकतात. कुठल्या काळातला सल्ला आहे हे न बघता तो आजच्या प्रसंगाला लावायचा, ही सवय आपल्याकडे फक्त संगणकापुरती नाही. पण तो विषय वेगळा.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलं ते अवतरण नाही. ती तुलना खरं म्हणजे तीन उत्तरं देऊ शकते. जुळलं तर ०. नाही जुळलं तर १. आणि नमुनाच मोडका असेल, म्हणजे कंस उघडला आणि बंद केलाच नाही, तर २. तिसरं उत्तर म्हणजे 'नाही' नव्हे; 'तुझा प्रश्न मला कळला नाही' असं ते उत्तर आहे. पण स्क्रिप्टमध्ये 'जर जुळलं तर सापडलेली, नाहीतर न सापडलेली' एवढंच लिहिलेलं असतं. त्या 'नाहीतर'च्या पोत्यात १ आणि २ दोन्ही पडतात. अनेक वर्षांच्या बॅशमध्ये त्यावर एक शब्दही छापून येत नाही. आमच्या नमुन्यांच्या फाइलीत असे दोन मोडके नमुने खरंच होते. अवतरण काढल्यावर बाकी सगळे मुलाणी, मणेर उगवले, आणि दोन सय्यद कुटुंबं मात्र तशीच बाहेर. बघितलं तर त्यांच्या नमुन्याचा शेवटचा कंस टाइप करायचा राहिला होता. यादीत त्यांची नावं होती. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणजे विचारलं होतं ते अर्धवट.

याहून वरचढ प्रकार आहे. स्क्रिप्ट बॅशऐवजी साध्या 'एसएच'ने चालवली, तर उबंटूवर तिथे डॅश नावाचं दुसरंच शेल बसलेलं असतं. त्याला दुहेरी चौकटी कंस माहीतच नाही. ते कंसालाच कमांड समजतं, ती कमांड सापडली नाही म्हणून १२७ देतं, आणि गाडी पुन्हा त्याच 'नाहीतर'मध्ये. त्या वेळी पडद्यावर 'नॉट फाउंड' असं छापून येतं, आणि ज्याला कारण ठाऊक नाही तो म्हणतो, बघा, संगणकच सांगतोय नाव सापडलं नाही. सापडला नाही तो कंस.

म्हणून त्या पोराला मी पहिलं काम हे करायला लावलं: तुलनेच्या लगेच पुढे $? चा आकडा घ्यायचा, आणि फाइली दोन नव्हे तर तीन काढायच्या. ० ला सापडलेली, १ ला न सापडलेली, आणि बाकी कुठलाही आकडा आला तर 'नमुना तपासा'. तीन ओळींचं काम. दुसरं, शंका आली की स्क्रिप्ट ट्रेस लावून चालवायची. शेल प्रत्येक ओळ करण्याआधी छापून दाखवतं, आणि नमुना चुकून अवतरणात गेला असेल तर त्याच्या कंसांपुढे, टोपीपुढे बॅकस्लॅश उगवलेले दिसतात. तिसरं, जे नाव यादीत आहे हे डोळ्यांनी पाहिलंय, असं एखादं नाव आधी लावून बघायचं. ते 'न सापडलेली'मध्ये गेलं, तर बाकीच्या यादीवर एक शब्दही बोलायचा नाही.

पुढच्या शनिवारी मी गावी गेलो. उरलेली नावं आम्ही जमातीच्या ऑफिसात बसून सोडवली. ती बॅशची भानगड नव्हती. ती टाइप करणाऱ्या हातांची होती. एका पोराने विंडोजवर फाइल बनवली होती. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्तीचं ठेवतं. मग 'शेख$' म्हणजे 'शेखवर संपणारी ओळ' हा नमुना लागतच नाही, कारण ओळ शेखवर संपत नाही, त्या चिन्हावर संपते. ज्यांच्या नावात शेख शेवटी तेवढेच गेले. ज्यांचं शेख आधी ते राहिले. दुसऱ्या एका फाइलीत सगळ्यात सुरुवातीला असंच एक अदृश्य चिन्ह होतं, त्यामुळे टोपीचा नमुना फक्त पहिल्या माणसाला लागेना. पहिल्या क्रमांकाचा माणूस गायब आणि बाकी सगळे हजर असले, की आधी हेच बघावं.

नुक्ता हा तर खास आमचा पाहुणा. मराठीत आपण फातिमा लिहितो, पण हिंदीच्या कीबोर्डवर बोट बसलेला पोरगा फ खाली टिंब देतो. ते टिंबवालं फ संगणकात दोन तऱ्हांनी साठतं: एकच अक्षर म्हणून, किंवा फ आणि वेगळं टिंब म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. नमुन्यात एक आणि यादीत दुसरं असेल, तर डोळे फोडून बघितलं तरी फरक कळत नाही. हेक्सडंप काढला तरच कळतो. आम्ही दोन्ही फाइलींतून सगळे नुक्ते आधीच काढून टाकले. भाषेची शुद्धी मानणारे दोन बुजुर्ग शेजारी बसले होते, त्यांना ते आवडलं नाही. "जुळणीपुरतेच काढलेत, चाचा, मूळ वहीत तसेच आहेत," असं सांगितल्यावर ते शांत झाले.

घर क्रमांकांचा घोळ वेगळा. नमुन्यात [0-9] लिहिलं की ते इंग्रजी आकडे. यादीत होते १, २, ३. देवनागरी आकडे हवे असतील तर सरळ [०१२३४५६७८९] असे दहाही लिहून टाकावेत. काहीजण पर्लमधल्या सवयीने 'बॅकस्लॅश डी' लिहितात. बॅशच्या नमुन्यात त्याला आकडा म्हणत नाहीत.

मग ती स्क्रिप्ट रोज रात्री आपोआप चालावी म्हणून क्रॉनला लावली, आणि सकाळी सगळी नावं एकाच फाइलीत. श आणि स ने सुरू होणारी नावं वेगळी काढायला ^[शस] असा नमुना होता, आणि त्याला बागवानही जुळत होते, पठाणही! हे कोडं पोरांना फार आवडलं. क्रॉनमध्ये पुष्कळदा भाषा-लिपीची सेटिंग, म्हणजे लोकेल, लागलेलं नसतं. लोकेल नसलं की शेलला अक्षर दिसत नाही, नुसते बाइट दिसतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, आणि सगळ्यांचा पहिला बाइट एकच. चौकटी कंसात श दिला म्हणजे त्याचे तीनही बाइट सुटे सुटे दिले. त्यातला पहिला तर प्रत्येक देवनागरी नावाच्या सुरुवातीला असतोच. म्हणून सगळेच जुळले. स्क्रिप्टच्या माथ्यावर यूटीएफ-८ लोकेलची एक ओळ घातली, की थांबलं. लोकेल बरोबर असलं तरी शेलचा 'अक्षर' आणि आपला 'अक्षर' एक नव्हे, हेही लक्षात ठेवायचं. 'शेख' आपल्याला दोन अक्षरं दिसतात. शेल तीन मोजतं: श, मात्रा, ख.

अवतरणाची बाजू घेणारं एक नाव मात्र निघालं: 'मो.'. नमुन्यात टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. ^मो. असं उघडं लिहिलं, तर त्यात मोरे येतात, मोहिते येतात, मोहन येतो, मोमीन येतात. प्रभागातले निम्मे मराठे एका रात्रीत मोहम्मद झाले होते, त्यावर पोरं पोट धरून हसली. इथे टिंबाला टिंबच राहू द्यायचं आहे, म्हणून:

[[ $1 =~ ^"मो." ]]

टोपी बाहेर, टिंब आत. अवतरण वाईट नाही. कुठला भाग हुकमी आणि कुठला जसाच्या तसा, हे त्याने सांगायचं असतं. सगळंच आत टाकलं की ते सांगायला काही उरत नाही.

नावांच्या अशा गुंत्यात आपले पूर्वज आधी बसून गेलेत, हे मी त्या रात्री पोरांना सांगितलं. हदीस सांगणाऱ्यांची साखळी तपासायची, तर त्यातला प्रत्येक माणूस नेमका कोण हे ठरवावं लागतं, आणि एकाच नावाची दहा माणसं निघतात. अद-दारकुत्नी, जे इ.स. ९९५ मध्ये वारले, त्यांनी लिहायला सारख्या पण उच्चाराला वेगळ्या नावांवर ग्रंथ लिहिला. अल-खतीब अल-बगदादी, मृत्यू १०७१, त्यांचा 'अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक' नाव एक पण माणसं निराळी यावर आहे. त्या काळी अरबी लिपीत टिंबं पुष्कळदा गाळली जात, त्यामुळे त्यांचाही अर्धा त्रास टिंबांचाच होता. एका पोराने विचारलं, त्यांच्याकडे तिसरी फाइल होती का? होती. ज्या रावीबद्दल काहीच ठरवता येत नाही, त्याला ते 'मजहूल', म्हणजे अज्ञात, म्हणत. खोटा म्हणत नसत.

सगळं दुरुस्त झाल्यावर 'न सापडलेली'मध्ये जी उरली, ती बोटांवर मोजता येतील एवढी होती, आणि ती खरोखरच यादीत नव्हती. पहिल्या दिवशीच्या त्या फुगलेल्या यादीत हीच माणसं कुठेतरी मधे दबून होती. तो मेसेज गेला असता, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी मुलाणींचं नाव यादीत दाखवून सगळी तक्रार खोटी पाडली असती, आणि ही माणसं तिच्याबरोबर गेली असती.

त्यांची पुन्हा दोन भागांत वाटणी केली. नगरपरिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडलेली असते. ज्यांचं नाव विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभागात आलं नाही, किंवा दुसऱ्याच प्रभागात गेलंय, त्यांची हरकत चालते. ज्यांचं मुळातच नाही, त्यांना नमुना ६ भरून आधी तिकडे नोंदणी करावी लागते, आणि या निवडणुकीला बहुधा उशीर झालेला असतो. हे दुसऱ्या भागातल्या लोकांना सांगायला पोरं गेली, तेव्हा त्यांतल्या एकीने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पुढच्या वेळेचा अर्ज आत्ताच भरता येतो का? येतो. तिचा अर्ज त्याच बैठकीत भरला.

एक नाव तरीही कुठल्याच फाइलीत बसलं नाही. वहीत ती बाई नवऱ्याच्या नावाने होती, यादीत माहेरच्या. आणि लग्नानंतर सासरी पहिलं नावही बदललेलं. दोन नावांत एक अक्षर सामाईक नव्हतं. ती तिसऱ्या फाइलीत गेली, पुढच्या रकान्यात पोराने लिहिलं: घरी जाऊन विचारणे. पुढच्या इतवारी दोघं सायकलवर गेली.